अमळनेरचा कांदा ड्रायर आणि रोज दुपारी पडणारा एमसीबी

"भाऊ, तो परत पडना. नया टाकी दिन्हा तरी पडस. आते काय करानं?" गेल्या उन्हाळ्यात एप्रिलच्या शेवटी जिभाऊंचा असा फोन आला आणि मागून कोणीतरी बाई ओरडत होती की कांदा काळा पडतोय, लवकर सांगा म्हणा. जिभाऊ म्हणजे अमळनेरकडचे वायरमन, हात चांगला आहे त्यांचा, घरांची वायरिंग एकदम सुबक करतात, पण इंडस्ट्रियल लोड कधीतरीच हाताखालून गेलेला. प्रकरण पूर्ण लिहितोय कारण अशी केस मला दर उन्हाळ्यात एकदोन तरी भेटते आणि प्रत्येक वेळी आधी एमसीबीलाच, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप खाली पडून लाईन तोडणाऱ्या त्या स्विचलाच, शिव्या बसतात.

जागा सांगतो. चोपडा रोडच्या बाजूला एका खेड्यात बचत गटाच्या बायकांनी भाजीपाला सुकवायचा इलेक्ट्रिक ड्रायर घेतला, आप्पांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. थ्री फेज, प्लेटवर १८ किलोवॅट. आत दीड किलोवॅटचे १२ हीटर, २३० व्होल्टचे, एकेका फेजवर चार चार, स्टारमध्ये न्यूट्रलसकट जोडलेले, म्हणजे प्रत्येक हीटर एक फेज आणि न्यूट्रलच्या मधे. वर एक हॉर्सपॉवरचा ब्लोअर, त्याला वेगळा एमसीबी आणि स्टार्टर. डिसेंबरात चालू झाला, मेथी, शेवग्याचा पाला, थोडं आलं असं चालायचं, मार्चपर्यंत एकदाही तक्रार नाही. जिभाऊंनी हीटरला २५ अँपिअरचा एमसीबी टाकलेला, त्यांचं गणित असं की १८००० ला १.७३२ ने भागा, मग ४१५ ने भागा, २५.०४ येतात, म्हणजे २५ चा झाला. गणितात चूक नाही. घोळ बाकी सगळीकडे आहे.

एप्रिलमध्ये उन्हाळी कांदा निघाला आणि गटाला ऑर्डर मिळाली कांद्याच्या चकत्या सुकवायची. पहिल्याच दिवशी ट्रे गच्च भरून सकाळी दहाला चालू केलं, साडेअकराला एमसीबी खाली. परत वर केला तर बसेचना, दहा मिनिटं थांबून बसला, अर्ध्या तासात परत खाली. जिभाऊ आले, एमसीबी खराब म्हणून बदलला. दुसरा पण पडला. तिसरा वेगळ्या कंपनीचा आणला, तो दहा मिनिटं जास्त टिकला, तेवढंच. मग गटाच्या अक्कांनी स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली, घरून टेबल फॅन आणला आणि डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या डब्याचं, दार उघडं टाकून फॅन त्याच्यावर सोडला. एमसीबी तीन तास टिकला! उघड्या डीबीसमोर बायका ट्रे घेऊन ये-जा करतात हे काही बरं नाही, ते मी नंतर बोललोच, पण खरं सांगू का, या सगळ्या प्रकरणात निदान अक्कांनी केलंय, मी फक्त मीटर लावून त्याच्यावर शिक्का मारला.

पुढे जिभाऊंनी ३२ चा टाकला. तो चार तास चालायचा आणि दुपारी दोनच्या आसपास पडायचा. शिवाय आता डीबीतून बारीक वास यायला लागला, जळकट नाही, तापलेल्या प्लास्टिकचा येतो ना तसा. जिभाऊंच्या खिशात ४० चा एमसीबी तयार होता, तो बसवणार तेवढ्यात अक्का म्हणाल्या की आधी त्या अमळनेरच्या भाऊंना फोन लावा. म्हणून तो फोन.

मी फोनवर एवढंच विचारलं की चालू केल्या केल्या पडतो का वेळाने पडतो. वेळाने. मग शॉर्ट बिर्ट नाही. एमसीबीत दोन वेगळी यंत्रं असतात, एक मॅग्नेटची कॉइल जी शॉर्ट झाला की क्षणात उडवते, सी कर्व्ह (एमसीबीचा एक प्रकार) असेल तर रेटिंगच्या पाच ते दहा पट करंटला, आणि दुसरी बायमेटलची पट्टी, दोन धातू चिकटवलेले, तापली की वाकते आणि वाकता वाकता खटका सोडते. तासाने दोन तासाने पडतोय म्हणजे पट्टीचं काम. आणि पडल्यावर लगेच बसत नाही, थंड झाल्यावरच बसतो, ही पण पट्टीचीच खूण. ही पट्टी अँपिअर मोजत नाही हो, ती फक्त गरम होते, मग ती गरमी आतल्या करंटची आहे, का शेजारच्या एमसीबीची, का ढिल्या स्क्रूची, का डोक्यावरच्या पत्र्याची, हे तिला कळायचा काही मार्गच नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. शेडमध्ये पाय ठेवला आणि कळलं. डीबी पश्चिमेच्या पत्र्याच्या भिंतीवर, ड्रायरच्या बाजूलाच, ड्रायरची गरम दमट हवा बाहेर टाकणारं तोंड तिथून चार फुटांवर. पत्रा असा तापलेला की हात टेकवत नव्हता. ट्रे भरून घेतले, सव्वानऊला चालू केला, क्लॅम्प मीटर लावला. तिन्ही फेजवर २७.२ च्या आसपास.

इथे जिभाऊ म्हणाले, व्होल्टेज कमी असेल म्हणून करंट वाढला. हे आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय कारण आपण जन्मभर विहिरीवरच्या मोटारी बघतो, मोटारीला व्होल्टेज कमी मिळालं की ती करंट जास्त ओढते आणि जळते. हीटरचं उलटं आहे. हीटर म्हणजे नुसता रेझिस्टन्स, व्होल्टेज वाढलं की करंट वाढणार. दीड किलोवॅटचा २३० चा हीटर म्हणजे साधारण ३५ ओहम, चार पॅरलल म्हणजे ८.८. २३० ला २६.१ अँपिअर, आणि त्या दिवशी फेज-न्यूट्रल २४० व्होल्ट होतं म्हणून २७.२. म्हणजे १८ चा ड्रायर प्रत्यक्षात साडेएकोणीस किलोवॅटच्या वर खात होता. ४१५ ने भागून काढलेले २५ अँपिअर कुठे नव्हतेच, कारण हीटरची प्लेट २३० ची, तिला लाईन टू लाईन, म्हणजे दोन फेजच्या मधे, ४०० धरायला पाहिजे होतं. छोटी चूक आहे, पण सुरुवात तिथून.

मग डिसेंबर ते मार्च २५ चा एमसीबी २७ अँपिअरवर पडला का नाही? मला हा प्रश्न आप्पांनी विचारला आणि बरोबर विचारला. दोन कारणं. एक, मेथीला ४५-५० डिग्री पुरतात, पाला पटकन वाळतो, थर्मोस्टॅट सारखा हीटर बंद चालू करतो, पट्टीला मधे मधे थंड व्हायला वेळ मिळतो. कांद्यात पाणीच पाणी, ६० डिग्री सेट केलं आणि ट्रे गच्च असले तर पहिले चारपाच तास थर्मोस्टॅट कट होतच नाही, हीटर सलग चालू. दुसरं, एमसीबीचं स्टँडर्डच असं आहे (आयएस/आयईसी ६०८९८) की रेटिंगच्या १.१३ पट करंट असेल तर एक तासाच्या आत पडायचं नाही, आणि १.४५ पट असेल तर तासाच्या आत पडलंच पाहिजे. हे ६३ अँपिअरपर्यंतच्या एमसीबीला, त्यापुढे दोन तास. २७.२ भागिले २५ म्हणजे १.०९. म्हणजे थंडीत तो न पडणं अगदी नियमात बसतं. १.१३ आणि १.४५ च्या मधली जागा कोणाच्याच मालकीची नाही, तिथे एकाच कंपनीचे दोन एमसीबी वेगळे वागतील. म्हणून तिसरा दहा मिनिटं जास्त टिकला, तो काही भारी नव्हता.

आणि खरी गोम म्हणजे हे सगळे आकडे ३० डिग्रीचे आहेत. एमसीबीवर जे २५ लिहिलंय ते आजूबाजूची हवा ३० डिग्री असताना. आपल्या खानदेशात एप्रिल-मे मध्ये ३० डिग्री मिळालं तर रात्री-पहाटेच मिळतं! मी डीबीच्या आत प्रोब टाकून ठेवला होता, सव्वानऊला ३८ होतं, अकराला ४६, साडेबाराला ५४. कॅटलॉगमध्ये मागच्या पानांवर तापमानाचा टेबल असतो, कोणी उघडत नाही, त्यात बघा, २५ चा एमसीबी ५० डिग्रीला २२-२३ वर येतो, ३२ चा २८-२९ वर, कंपनीप्रमाणे थोडं इकडे तिकडे. २७.२ भागिले साडेबावीस, १.२ झाले. आता तो त्या मधल्या जागेत गेला, कधी ना कधी पडणारच, आणि दीड तासात पडत होता. अक्कांच्या फॅनने पट्टीभोवतीची हवा कमी केली म्हणून तीन तास. सगळं जुळतं.

पण ३२ चा का पडावा? ५४ डिग्रीला धरा २८ अँपिअर, लोड २७.२, काठावर आहे पण सारखं चार तासांनी पडायला नको. म्हणून टेंपरेचर गन काढली. चमकत्या स्क्रूवर गन खोटं बोलते, कमी दाखवते, म्हणून मी स्क्रूच्या लगतच्या इन्सुलेशनवर धरतो. आर फेजला ६८, बी ला ७०, वाय ला ९१. लगेच बंद करायला लावलं, मेन पाडला, टेस्टरने चेक केलं आणि वायचा स्क्रू सोडला. हा मला अजून डोळ्यासमोर दिसतो. चार स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड वायर, थिंबल नाही, फेरूल नाही (तारांच्या टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या), आणि टोकाच्या बऱ्याच तारा कापून टाकलेल्या, कारण आधी त्याच जबड्यात इंडिकेटरची बारीक वायर पण कोंबायची होती आणि दोन्ही बसत नव्हत्या. राहिलेल्या तारा चपट्या होऊन तपकिरी पडलेल्या, इन्सुलेशन बोटभर कडक झालेलं, वाकवलं की तडकायचं. स्क्रू अर्धा फेरा ढिला. तिथे तयार झालेली गरमी तांब्यातून सरळ आतल्या पट्टीला जात होती. म्हणजे एमसीबीला तीन चुली लागलेल्या, एक करंटची, एक पत्र्याची आणि एक या सांध्याची.

जिभाऊ काही बोलले नाहीत, मी पण नाही बोललो. बायका बघत होत्या.

आता वायरकडे. ती चार स्क्वेअर कॉपर, साधी पीव्हीसी, पाइपातून, मीटरपासून चौदा मीटर, आणि पाइप सगळा पत्र्याच्या खालून क्लॅम्पने बांधत आणलेला. चार स्क्वेअरच्या पीव्हीसी वायरला पाइपात तीन फेज लोड असताना २८ अँपिअर मिळतात, तेही ३० डिग्रीलाच. पत्र्याखाली मी ५१ मोजले. ५० डिग्रीला पीव्हीसीचा फॅक्टर ०.७१, म्हणजे उरले २० अँपिअर. वीस अँपिअरच्या वायरमधून सलग चार तास २७ जात होते! आणि त्या वायरला वाचवणारा एकच जण होता, तो म्हणजे रोज दुपारी पडणारा, सगळ्यांच्या शिव्या खाणारा एमसीबी. आता त्याच्या जागी ४० चा बसला असता तर? १.४५ गुणिले ४० म्हणजे ५८. म्हणजे उद्या एखादा हीटर अर्धवट बॉडीला लागला, न्यूट्रलशी गडबड झाली आणि करंट ५० वर गेला तर ४० चा एमसीबी तासभर सुद्धा शांत बसू शकतो, कायद्याने त्याला तेवढी मुभा आहे, आणि तोपर्यंत पत्र्याखालचा पाइप आणि खाली रचलेल्या कांद्याच्या गोण्या. मी हे जिभाऊंना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले मोठा टाकल्यावर पडायचा बंद होतो एवढंच माहिती होतं. बरोबरच आहे, पडायचा बंद होतोच.

आप्पांचा पुतण्या डिप्लोमा करतोय, तो मोबाईल घेऊन आला की काका, यात ८० टक्क्यांचा नियम सांगितलाय, आपण तो लावू. तो नियम अमेरिकेचा आहे. तिथल्या एनईसी कोडमध्ये तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या लोडला कंटिन्युअस म्हणतात आणि ब्रेकर त्याच्या १२५ टक्के घ्यायचा, उलट सांगायचं तर ब्रेकर ८० टक्केच भरायचा. २७.२ ला १.२५ ने गुणलं तर ३४, म्हणजे आपल्याकडचा पुढचा साइज ४०. वायर पण त्या मापाची बदलली तर उत्तर बरोबर आलं, पण रस्ता वेगळा आहे आणि तो समजून घ्यावा असं माझं मत. त्यांचे ब्रेकर ४० डिग्रीला कॅलिब्रेट केलेले असतात, आपले एमसीबी ३० ला. आपल्या आयएस ७३२ मध्ये, म्हणजे वायरिंगच्या भारतीय स्टँडर्डमध्ये, ८० टक्के असा आकडा नाही. तिथे साधी साखळी आहे, लोडचा करंट एमसीबीपेक्षा कमी, एमसीबी वायरच्या खऱ्या क्षमतेपेक्षा कमी, आणि एमसीबी नक्की पाडणारा करंट वायरच्या १.४५ पटीच्या आत. फक्त "खरी क्षमता" म्हणजे तुमच्या जागेच्या तापमानाची, पुस्तकातल्या पहिल्या टेबलातली नाही. पुण्याच्या एसी ऑफिसात आणि अमळनेरच्या पत्र्याखाली एकच ३२ चा एमसीबी एकच नसतो. पोराला हे पटलं, निदान मान तरी हलवली.

करायचं काय यावर दुपारी शेवभाजी खाता खाता बराच वाद झाला. आप्पांना वाटत होतं एमसीबी आणि वायर दोन्ही मोठं करा, जागा तीच ठेवा. मला जागा बदलल्याशिवाय काहीच करायचं नव्हतं. तापलेल्या भिंतीवर ठेवून ५० चा, ६३ चा असं वर वर जायचं म्हणजे वायर पण तशीच फुगवत न्यायची, आणि पत्रा काही थंड होत नाही. शेडला लागून उत्तरेला स्लॅबचा ओटा आहे, दिवसभर सावली, तिथे भर दुपारी ४२-४३ होतं. डीबी तिकडे. मग प्रश्न ३२ का ४०. ४३ डिग्रीला ३२ चा साधारण ३० देतो, लोड २७.२, चालेल, पण व्होल्टेज रात्री २४५-२४८ ला गेलं की २८ होतात, शेजारी ब्लोअरचा एमसीबी तापणार, आणि कांदा रात्री पण चालतो. मला तेवढं काठावर नको वाटलं. ४० घेतला, सी कर्व्ह. हीटरला बी कर्व्हचा, कमी झटक्याला उडणारा, पण चालतो, कारण हीटर चालू करताना झटका नसतो, पण दुकानात बी थ्री फेज लगेच मिळाला नाही आणि इथे सी ने काही बिघडत नाही. दोन्ही बाजूला एकेक मॉड्यूलची जागा रिकामी सोडली, म्हणजे शेजाऱ्याची गरमी नको. कॉन्टॅक्टर (हीटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) बदलावा लागला नाही, त्याच्यावर २५ लिहिलंय ते मोटारीचं, एसी-१ म्हणजे हीटरच्या लोडला त्याच प्लेटवर ४० लिहिलेलं होतं.

४० चा एमसीबी म्हणजे वायर ४० च्या वर पाहिजेच, गरमी धरून. दहा स्क्वेअर पीव्हीसी बघितली तर पाइपात ५० गुणिले ०.७१, साडेपस्तीस, म्हणजे नाही बसत. इथे बरेच जण फसतात, दहाची वायर म्हणजे खूप झाली असं वाटतं. तीच दहा स्क्वेअर एक्सएलपीई घेतली तर इन्सुलेशन ९० डिग्रीचं, ६६ गुणिले ०.८२, ५४ येतात. म्हणून चार कोअर दहा स्क्वेअर कॉपर एक्सएलपीई आर्मर्ड, आणि पत्र्याखालून नाही, बाहेरून उत्तरेच्या भिंतीने. कॉपरचा भाव ऐकून आप्पा पाच मिनिटं गप्प होते. ॲल्युमिनियम १६ ची लावा म्हणाले, करंटला ती पण चालली असती, पण एमसीबीच्या जबड्यात ॲल्युमिनियम दाबलं की ते हळूहळू बसतं, स्क्रू ढिला होतो, आणि आपण आत्ताच एक ढिला स्क्रू बघितला. मी नाही म्हटलं.

जोडणी जिभाऊंनीच केली, मी बाजूला उभा होतो. सगळ्या टोकांना थिंबल क्रिंप केलं, इंडिकेटरला वेगळा २ अँपिअरचा एमसीबी दिला, स्क्रू टॉर्क स्क्रू-ड्रायव्हरने एमसीबीवर लिहिलेल्या आकड्याला टाइट. अर्थिंग बघितलं, ठीक होतं. तीन दिवसांनी परत सगळे स्क्रू तपासले, एक थोडा फिरला.

सांगायचं राहिलं, नवीन ड्रायर असता तर मी हे असं केलंच नसतं. हीटर तीन गटात फोडले असते, सहा सहा किलोवॅटचे, एका गटाला फेजमागे नऊ अँपिअर, १६ चा एमसीबी, प्रत्येकाला स्वतःचा कॉन्टॅक्टर. कांद्याचं पाणी उडालं की एक गट बंद करता येतो, बिल पण वाचतं, आणि एक गट बंद पडला तरी माल खराब होत नाही. चालू मशीनमध्ये ते करायचं म्हणजे पॅनल उघडून नवीन वायरिंग, सीझन चालू, बायकांची ऑर्डर अडकलेली.

मे च्या दुसऱ्या आठवड्यात, चांगलं ४४ होतं बाहेर, परत मोजायला गेलो. सकाळी आठपासून चालू, दुपारी तीनला क्लॅम्पवर २७.४, डीबीच्या आत ४५, टोकं तिन्ही फेजला ५५ ते ५८ च्या मधे. सात तास झाले तरी एमसीबी जागचा हलला नाही. टेबल फॅन अक्कांनी घरी नेला होता.

गेल्या महिन्यात अक्कांचा फोन. गटाला अजून एक ड्रायर मिळतोय, ९ किलोवॅटचा, "दादा, आता आपला ४० चा आहे ना, त्याच्यावरच जोडू ना?" मी म्हटलं अक्का कागद पेन घ्या, लिहा, आधीचे २७.२, नवीनचे १३.६. त्यांनी बेरीज केली, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "चाळीस पॉइंट आठ. म्हणजे परत फॅन आणावा लागेल."